गंगथडीकडचा दगड

माय,

मागच्या रविवारी नातीनं मला बाहेर खायला नेलं. सकाळीच तंबी मिळाली होती, "आजी, चहाबरोबर काही खाऊ नकोस, आपल्याला ब्रंचला जायचंय." मी विचारलं, हे काय प्रकरण असतं बाई? तर म्हणे न्याहारी आणि जेवण दोन्ही एकदम, सुट्टीच्या दिवशी, उशिरा आणि निवांत. एमआयडीसीच्या पुढं रस्त्याला एक नवं हॉटेल झालंय, तिथं गेलो. लांबलचक टेबलावर भांडीच भांडी मांडलेली. इडली आहे, पोहे आहेत, ब्रेड आहे, कसलंसं अंड्याचं आहे, शिवाय थंड दूध, गरम दूध, कॉफी आणि चार रंगांची सरबतं. ज्यानं त्यानं उठायचं आणि हवं ते घ्यायचं. नात मला समजावत होती की ही पद्धत बाहेरच्या देशातली, आपल्याकडं आत्ता आत्ता आलीय. मला एवढं हसू आलं की उपम्याचा ठसकाच लागला. पोरीनं पाठ चोळली, पाणी दिलं, आणि मी काही बोलले नाही. बोलायचं होतं ते तुझ्याशी होतं.

आपल्याकडं हे होतं की गं. वर्षातून एकदाच होतं, पण असं होतं की त्याच्यापुढं ते लांबलचक टेबल मला रिकामं वाटलं. दिवाळीच्या पाडव्याचं. त्याला धड नाव नव्हतं. न्याहारी म्हणावी तर ऊन डोक्यावर यायला लागलेलं, जेवण म्हणावं तर अजून दुपार व्हायची असायची. आपण नुसतं 'दुधाचं' म्हणायचो. "दुधाचं झालं का?" "दुधाचं झाल्याबिगर पानीबी न्हाई." बाकीचं सगळं वर्ष आपल्या घरात कुणी कुणासमोर बसून खाल्लेलं मला आठवत नाही. उजाडायच्या आत बा आणि चुलता फडक्यात भाकरी बांधून मेंढरांमागं निघायचे, आजा त्याच्या घोंगडीवर बसून एकटा खायचा, आणि तू सगळ्यांचं आवरल्यावर चुलीकडं तोंड करून उभ्या-उभ्या दोन घास ढकलायचीस. पाडव्याला मात्र मेंढरं काट्याकुपाट्याच्या वाडग्यातच थांबायची. मडक्यातलं दूध उतू गेल्याशिवाय कुणी पाणीसुद्धा तोंडाला लावायचं नाही, आणि ते उतू गेलं की सगळे, अगदी बायकासुद्धा, एका ओळीत बसून खायचे. भूक अशी लागलेली असायची की पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी यायचं.

आणि काय काय असायचं! कुटलेल्या गव्हाची गुळातली खीर, बाजरीची भाकरी, उडदाचं घुटं, लाल मिरचीचा लसूण घातलेला ठेचा, वर शेळीचं गरम दूध, त्यात गूळ आणि सुंठ. आजा खाता खाता दरवर्षी तेच सांगायचा आणि आम्ही दरवर्षी नव्यानं ऐकायचो. त्याच्या आज्याच्या वेळी पाडव्याला दूध आणि जोंधळ्याच्या कण्या एवढंच होतं. मग गोदावरीच्या काठच्या, गंगथडीच्या कुणब्यांनी शेतात खतासाठी मेंढरं बसवल्याबद्दल गहू दिला, तेव्हापासून खीर आली. मिरची वरच्या अंगाची, जाफराबादेकडची, तीही एका वर्षी खताच्या बदल्यात मिळालेली. सुंठ कुणा तांड्यावाल्यानं दिली होती. शेवटी शेवटी तर बा जालन्याहून चहाच्या पत्तीची पुडी घेऊन आला, आणि आज्यानं दोन घोट घेऊन वाटी खाली ठेवली, "दुधाचं वाटोळं केलंस की रे," म्हणाला. तेव्हा ती एक गंमत होती. आता विचार करते तेव्हा लक्षात येतं. म्हणजे आपण पाडव्याला आपल्या सगळ्या वाटाच खात होतो. जिथं जिथं आपली मेंढरं बसली, तिथलं काही ना काही त्या पानात होतं.

वाट ठरायचीही तिथंच. पाऊसपाणी संपलं, खरीप निघालं की कळप बाहेर काढायचा आणि उन्हाळ्यापर्यंत गावोगावच्या शेतांत बसवत फिरायचं, हे आपलं पोट. कुंभार पिंपळगावच्या माळावरून आपल्याला दोन वाटा होत्या. एक वर, जाफराबादेकडं, वऱ्हाडाच्या हद्दीपर्यंत. दुसरी खाली, गंगथडीला. पाडव्याच्या सकाळी वाडग्याच्या तोंडाशी मेंढरांच्या लेंड्यांचे पांडव मांडायचे, त्यांना झेंडूची आणि तरवडाची फुलं वाहायची, समोर तीन दगडांची चूल करून नव्या मडक्यात दूध ठेवायचं. ते ज्या अंगाला उतू जाईल त्या अंगाला यंदा कळप जाणार. त्यावर वाद नाही, चर्चा नाही. चूल मांडायचं काम घरच्या थोरल्या सुनेचं, म्हणजे तुझं. बाकी बोलायचं काम बाप्यांचं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या बाजारात तू मला बरोबर घेतलं होतंस. कुंभाराकडून मडकं घेतलं, बोटानं वाजवून बघितलं, आणि मग आपण कासारणीपुढं बसलो. ती बांगड्या भरत गावोगाव हिंडणारी बाई. तिनं तुझा हात दाबून, वळवून बांगडी चढवता चढवता सहज सांगितलं, "वरल्या अंगाला जाऊ नका माय औंदा. म्या जाफराबादेकडून आत्ताच आल्ते. मेंढरायला देवी आल्यात. एका वाडग्यात तर कुत्रं तेवढं उरलंय." तुझा हात तिच्या हातात होता. मी बघत होते, तो एकदम ढिला पडला आणि बांगडी सरकन आत गेली. कासारीण हसून म्हणाली, "बघा, कशी बराबर बसली." तू हसली नाहीस.

घरी आल्यावर तू बाला सांगितलंस. तो चिलीम साफ करत होता. "कासारीण सांगून राह्यली, वर मेंढराला देवी हायेत म्हणं. मामंजीला सांगा ना." बा म्हणाला, "काय सांगू? बांगड्यावाली बोलली म्हणून?" तरी त्यानं सांगितलं, हे त्याचं मी कायम मानते. आजा रागावला नाही, नुसता हसला. त्या वर्षी वर निजामाच्या सरहद्दीची गडबड होतीच, लोक नको म्हणत होते, पण आजा गडबडीला भिणारा नव्हता, आणि वरच्या गावातल्या पाटलांना त्यानं शब्द दिलेला होता. सगळ्या भावकीसमोर तो म्हणाला, "बांगड्या भरनारीच्या सांगन्यानं वाट बदलली तर लोक तोंडात शेन घालतील. पाडव्याला दूध सांगंल. दूध म्हनंल तिकडं जायाचं, बिलकुल तिकडंच." चुलता मान हलवत होता. बा खाली बघत होता. तू पदर ओढून आत गेलीस आणि दळायला बसलीस. जात्याचा आवाज त्या दिवशी थांबतच नव्हता.

पाडव्याला उजाडताना मी तुझ्यामागं गोवऱ्यांची पाटी घेऊन आले. माळावर दव पडलेलं, माती ओलसर, मेंढरं वाडग्यात अंग घासत उभी. तू पहिला दगड ठेवलास, दुसरा ठेवलास, तिसरा गंगथडीच्या अंगाला ठेवलास. मग उभी राहिलीस. इकडं तिकडं बघितलंस. पांडवांकडं बघितलंस, बराच वेळ. मग तू तुझी उजवी टाच त्या तिसऱ्या दगडावर ठेवलीस आणि अंगाचा सगळा भार दिलास. दगड ओल्या मातीत रुतला. तू वाकून माती सारखी केलीस, मडकं ठेवलंस, हातानं त्याचा काठ चाचपलास. माझ्याकडं वळलीस तेव्हा तुझे ओठ पांढरे पडले होते. मी काही विचारायच्या आत तू म्हणालीस, "गोवऱ्या दे. जल्दी." एवढंच. त्या दिवशी आणि नंतर कधीही, आपल्यात ह्याबद्दल एवढंच बोलणं झालं.

सगळे जमले. आजा फेटा बांधून समोर बसला. दूध तापायला इतका वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. आधी कडेनं बारीक फेस, मग मध्ये एक फुगा, मग सगळी साय वर उचलली गेली आणि काठाशी येऊन थरथरत थांबली. मी डोळे मिटले. लोक ओरडले तेव्हा उघडले, तर दूध गंगथडीच्या अंगानं पांढरं धावत खाली आलं होतं, तिसऱ्या दगडावर चर्र झालं होतं आणि राखेत जिरत होतं. चुलत्याचं तोंड उघडंच राहिलं. आजा काही वेळ त्या ओल्या राखेकडं बघत राहिला. मग त्यानं पांडवांना हात जोडले आणि म्हणाला, "खाली." बस. ज्यानं भावकीपुढं शब्द टाकला होता त्यानंच तो पाळला. मेंढरांच्या पाठीवर लाल काव लावली, ती उधळवली, ढोल वाजला, आणि मग दुधाचं झालं.

तू सगळ्यांना वाढलंस. आज्याला दोनदा खीर वाढलीस. माझ्या पानात बोटभर साय जास्त टाकलीस. स्वतः ओळीत बसलीस, पान पुढं घेतलंस, आणि काही खाल्लं नाहीस. जावेनं विचारलं तर म्हणालीस, पोटात मुरडा आलाय. तुझं पान तू नंतर कुत्र्यापुढं ठेवलंस आणि घोटभर पाणी प्यालीस. मला तेव्हा वाटलं, तुझं खरंच पोट दुखतंय. मोठी झाले, मला स्वतःला पोरं झाली, तेव्हा एक दिवस खीर ढवळता ढवळता लख्ख कळलं. देवापुढच्या दुधाला तू वळण दिलं होतंस, आणि ते दूध खायची तुझी छाती झाली नाही. आख्ख्या वर्षात बसून खायचा तो एक दिवस. तो तू दंड म्हणून भरून टाकलास. कुणी मागितला नव्हता तरी.

माघात आपण गंगथडीला एका मळ्यात उतरलो होतो तेव्हा खबर आली. भावकीतला जो एक कळप हट्टानं वर गेला होता, त्यातली बोटावर मोजण्याइतकी मेंढरं परत येत होती. सांगणारा माणूस सांगता सांगता रडला. बानं तुझ्याकडं बघितलं. चुलत्यानं आभाळाकडं बघून हात जोडले, "दुधानं वाचवलं." आजा भाकरी खात होता. त्यानं घास तसाच हातात धरला आणि चुलीपाशी बसलेल्या तुझ्या पाठीकडं बघत राहिला. तू वळली नाहीस. भाकरी थापत होतीस, थापत राहिलीस. आपली सगळी मेंढरं समोर हरभऱ्याच्या रानात बसली होती, रवंथ करत, एकही कमी नाही. मी त्यांच्याकडं बघायचे आणि तुझ्या टाचेकडं बघायचे. एवढीशी टाच, भेगा पडलेली.

पुढच्या पाडव्याच्या आधी, भादव्यात, निजामाचं राज्य गेलं. मोठी माणसं त्याच्याच गोष्टी करत होती. फौजा कुठून आल्या, कोण पळालं, आता निजामाचा हाली पैसा चालणार की नाही. ती सगळी मोठी गोष्ट होती, मी नाही म्हणत नाही. पण मला विचारशील तर त्या वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या वाडग्याच्या तोंडाशी झाली आणि ती कुठल्याही पुस्तकात यायची नाही. तू चूल मांडायला आलीस. ह्या वेळी तू दगड अगदी सारखे ठेवत होतीस, हातानं पुन्हा पुन्हा चाचपत होतीस. मला वाटतं, तू मनाशी ठरवलं होतंस की पुन्हा तसलं काही करायचं नाही. तेवढ्यात आजा काठी टेकत आला. मागं बा, चुलता, भावकीतले चारपाच जण. सुनेशी सासऱ्यानं समोरून बोलायची आपल्यात रीत नव्हती. काही सांगायचं तर भिंतीला सांगायचं. आजा उभा राहिला आणि सरळ तुला म्हणाला, "सूनबाई, बाजारात काय बोलून राह्यल्यात बाया?"

मेंढरांच्या गळ्यातल्या घुंगरांचा तेवढा आवाज. तू पदर आणखी पुढं ओढलास. मला वाटलं, आता तू गप्पच बसशील, आणि सगळं गेलं. पण तू बोललीस. आवाज हळू होता, तरी शेवटच्या माणसाला ऐकू गेला. "वर पानी न्हाई म्हणत्यात मामंजी. हिरी तळाला गेल्यात. खाली हरभरा बरा हाय, आन् कुनबी मेंढरं बसवा म्हणून वाट बघून राह्यलेत." आज्यानं मान हलवली. "मंग मांड चूल," म्हणाला. तुझी टाच हळूच त्या तिसऱ्या दगडावर गेली. त्याच क्षणी आजा वळला, तसे मागचेही वळले, आणि तो वाडग्यातल्या मेंढरांकडं बघत उभा राहिला, तुझ्याकडं पाठ करून, दगड रुतून माती सारखी होईपर्यंत. मग दूध उतू गेलं तेव्हा सगळ्यात मोठ्यानं "गंगथडी!" म्हणून तोच ओरडला.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. कधीपासून, ते मला माहीत नाही. कदाचित पहिल्या वर्षी राखेकडं बघत होता तेव्हाच त्यानं दगडाचा कल बघितला असेल, आणि दिलेल्या शब्दातून सुटायची वाट त्यालाही हवी असेल. देवाला फसवलं असं मला आता वाटत नाही. देवालाही बाजारातली खबर कुणीतरी सांगावी लागत असेल. त्या दिवशी तू ओळीत बसलीस आणि खाल्लंस. खीर खाल्लीस, पुन्हा मागून घेतलीस, भाकरीवर ठेचा घेऊन नाकातून पाणी येईपर्यंत खाल्लंस, आणि बानं दिलेला चहासुद्धा फुर्र करून प्यालीस. तुला पोटभर जेवताना बघितलं ते तेव्हाच. तोंडाला खीर लागलेली, आणि तू हसत होतीस. मला माझं खाणं सुचेना.

पुढं तूच हट्ट करून मला मामाकडं जालन्याला शाळेत धाडलंस. मी शिकले, मास्तरीण झाले, म्हणून आज हे लिहू शकते. तू मात्र तिसऱ्या वर्षीच गंगथडीला तापानं गेलीस. मला कळलं तोवर तुला त्या मळ्याच्या बांधाशी माती देऊन कळप पुढं सरकला होता. परवा हॉटेलात पंचविशीची नात समोर बसून सरबताची नळी चघळत होती, आणि मी मनातल्या मनात हिशेब केला. त्या पहिल्या पाडव्याला तू तिच्यापेक्षा लहान होतीस, माय! तिला मी अजून रस्ता ओलांडताना हाताला धरते. मी तुला कायम मोठी बाई समजत आले. त्या कवळ्या पोरीनं देवापुढं, सासऱ्यापुढं, आख्ख्या भावकीपुढं टाच रोवली, हे मला इतक्या वर्षांनी हॉटेलात कळावं! मी हात जोडले. नातीला वाटलं, खाऊन पोट भरलं म्हणून जोडले.

आता आपल्याकडं मेंढरं नाहीत. कुणाला कुठल्या वाटेनं जायचं नाही. तरी पाडव्याला मी दूध ठेवते, पण खरं सांगायचं तर ते कधी उतू जाऊ देत नाही. वर आलं की गॅस बंद करते, कारण शेगडी घासायचा कंटाळा येतो आणि सूनबाई चिडते. ओटाही मिस्त्रीनं इतका सरळ बांधलाय की दूध गेलंच तर चहूकडं जाईल.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. घरात कुणाच्या हातीही लागू द्यायचं नाही, आपल्यातली गोष्ट आपल्यातच बरी. मघाशी एका कोऱ्या कागदाच्या घड्या घालून बघितल्या. पत्राची एवढी पानं घडी करून शेगडीच्या वरच्या अंगाच्या पायाखाली ठेवली, तर पातेलं बरोबर गंगथडीकडं कलतं. ह्या पाडव्याला मी गॅस बंद करणार नाही. सूनबाईनं विचारलं तर सांगेन, लक्ष नव्हतं.